ही निळी कोण?

"अहो, थांबा! बॅग! आधी ती बॅग बाहेर ठेवा!"

छोटी डॉक्टर एवढ्या जोरात ओरडली की कॉरिडॉरच्या टोकाला पेपर वाचत बसलेल्या पहारेकऱ्यानेही मान वर केली. पण ज्याच्यावर ती ओरडली तो माणूस आपल्याच नादात. मग काय, तिने धावत जाऊन त्याची बाहीच धरली आणि त्याला मागे खेचलं. त्याने आणखी एक पाऊल टाकलं असतं तर तो स्कॅनरच्या खोलीत असता, आणि त्याच्या खांद्यावरच्या चामडी बॅगेतलं होतं नव्हतं तेवढं लोखंड उडत जाऊन मशीनला चिकटलं असतं. आतलं ते मशीन म्हणजे खोलीएवढं लोहचुंबक, आणि ते कधीच बंद नसतं.

"काय आहे यात?" तिने धापा टाकत विचारलं.

"हत्यारं."

"हत्यारं?"

"म्हणजे... पाना, छोटी हातोडी, असलंच. मी पियानो जुळवतो. सभागृह शोधत होतो. हे सभागृह नाही का?"

"सभागृहासारखं दिसतंय का?"

"दिसत नाही. पण आवाज येतोय ना." त्याने मान कलती करून आतून येणारी टुकटुक ऐकली. "तुमचं वाद्य बेसूर झालंय हो. कोणी जुळवत नाही वाटतं?"

तिला रागावायचं होतं, पण हसूच आलं. बाही अजून तिच्या मुठीत होती. ते लक्षात आल्यावर तिने ती पटकन सोडली आणि उगाचच स्वतःचा कोट नीट केला. तोही जागचा हलला नाही. भिंतीवर एक जाहिरात लावलेली होती, ती वाचत राहिला. एकच माणूस हवा, पुन्हा पुन्हा येणारा, न हलता पडून राहणारा, अंगात कुठे धातू नसलेला.

"मी चालेन?" त्याने विचारलं. "अंगात धातू नाही. आणि बंद जागेची भीती कशी वाटेल? पियानोच्या पोटात डोकं घालूनच तर माझं पोट भरतं."

आता ही छोटी डॉक्टर म्हणजे औषधं देणारी डॉक्टर नव्हे बरं का. तिचे सर ते मोठे डॉक्टर, म्हणून ही छोटी. दोघांपैकी एकालाही साधी सर्दी बरी करता आली नसती. त्यांचं काम भलतंच होतं. माणसाला मशीनमध्ये झोपवायचं, त्याच्या मेंदूत कुठे कुठे रक्त जास्त धावतंय ते बघायचं, आणि त्यावरून त्या क्षणी त्याला काय वाटतंय ते ओळखायचं. घरी आईला हे पटवून देणं महाकठीण. "लोकांच्या मनातलं ओळखतेस म्हणे," आई म्हणायची, "मग माझ्या मनात काय आहे?" "माझं लग्न," ही भाजी चिरता चिरता वरही न बघता सांगायची. "ओळखतेस आणि तरी ऐकत नाहीस!" आई कपाळाला हात लावायची.

तर, पियानोवाला निवडला गेला. खरं तर आणखी दोघंतिघं आली होती, पण एक फार हलायचा, एकाच्या दातात तार निघाली. मोठ्या डॉक्टरांनी नियम समजावून सांगितले. आयुष्यातल्या तीन आठवणी निवडायच्या. एक आनंदाची, एक भीतीची आणि एक ओढ लागल्याची. कुठल्या ते कोणालाही सांगायचं नाही, छोट्या डॉक्टरलाही नाही, आणि तिनेही विचारायचं नाही. काचेपलीकडच्या खोलीतून ती माईकवर सांगेल, आता आनंद, की ती आठवण मनात आणायची. आता भीती, आता ओढ. आणि मध्येमध्ये, आता आराम. तेव्हा मन रिकामं ठेवायचं. कॉम्प्युटर हळूहळू त्याच्या मेंदूची चाल शिकेल आणि मग न सांगताच ओळखू लागेल.

"आणि हो," सर म्हणाले, "हिच्या नात्यातले, ओळखीतले नाही ना तुम्ही? ओळखीचा माणूस आम्हाला चालत नाही. सगळा डेटा बाद करावा लागतो."

"फक्त बाहीची ओळख आहे," तो म्हणाला. सरांना काही कळलं नाही. छोटी डॉक्टर मात्र कानापर्यंत लाल झाली.

दर आठवड्याला तो येऊ लागला. मशीन चालवणाऱ्या ताई त्याला आडवं करायच्या, डोक्यावर जाळीचं टोपडं बसवायच्या, हातात रबरी फुगा द्यायच्या. काही झालं तर दाबायचा. खोली सदाच गार, म्हणून पायावर ब्लँकेट. ते खरं तर ताईंचं काम. पण छोटी डॉक्टर म्हणायची, "असू द्या ताई, मी घालते." ताई असू द्यायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या.

टोपड्यावर एक छोटा आरसा होता. त्यातून पडल्या पडल्या त्याला पायांपलीकडची काच दिसे, आणि काचेआड तिचे फक्त हात आणि हनुवटी.

"आज हिरवा पेन," तो एकदा म्हणाला. "गेल्या वेळी चावलात तो निळा होता."

"मी पेन चावत नाही."

"बरं... पेनाला कोणीतरी चावतं."

"हलू नका. आणि आनंदाची आठवण दर वेळी तीच ठेवायची हं, बदलायची नाही."

"दर वेळी तोच आनंद? शिळा नाही का होणार?"

"झाला तर सांगा."

"पण सांगायचं नसतं ना?"

"...नसतं," ती म्हणाली, आणि घाईघाईने माईकचं बटण सोडलं. टक्.

एकदा तर त्याने चक्क फुगा दाबला. घंटा वाजली, ताई धावल्या, हिच्या काळजात धस्स झालं. मशीन थांबवून ट्रॉली बाहेर ओढली, तर साहेब आत ठणठणीत! "काही नाही... बराच वेळ तुमचा आवाज आला नाही," तो ओशाळून म्हणाला. "वाटलं, गेलात की काय."

"फुगा गमतीसाठी नसतो!" ती अशी कडाडली की ताईसुद्धा गप्प झाल्या. पण घरी गेल्यावर तेच वाक्य तिला आठवत राहिलं. गेलात की काय. कोणी आपल्या जाण्याची अशी दखल घेतली, की बरं वाटतं माणसाला.

सगळं नीट चाललं होतं. कॉम्प्युटर हुशार निघाला. पडद्यावर पट्टी उमटायची, आनंदाची पिवळी, भीतीची लाल, ओढीची निळी आणि आरामाची करडी. पिवळ्याच्या जागी पिवळी, लालच्या जागी लाल. सर खूश. आणि मग एके दिवशी आरामाची जागा निळी झाली.

तिने आधी चूक शोधली. पुन्हा चालवून पाहिलं. तरी निळी. पुढच्या आठवड्यात आणखी निळी. ज्या वेळी मन रिकामं ठेवायचं, त्याच वेळी या माणसाच्या मनात ओढ भरून यायची. आनंद म्हटलं की शहाण्यासारखा आनंद, भीती म्हटलं की भीती. पण जरा आराम म्हणायचा अवकाश, की हा कोणाच्या तरी आठवणीत गेलाच!

कोणाच्या?

इथे मशीनची हद्द संपत होती. ओढ लागली आहे हे दिसत होतं, कोणाची ते दिसत नव्हतं. त्या माणसाच्या मेंदूची वळीन् वळी तिला पाठ झाली होती. जगात कुठल्या मुलीने आपल्याला आवडणाऱ्या माणसाचं डोकं इतकं आतून पाहिलं असेल? आणि एवढं पाहून कळलं काय? कप्पाळ!

हो, आवडणाऱ्या. तिने ते स्वतःशी कबूल करून टाकलं होतं, आणि कबूल केल्यापासून झोप उडाली होती. आठवड्याचे सहा दिवस सातव्यासाठी ढकलायचे. तो यायच्या दिवशी उगाच केस दोनदा विंचरायचे. तो गेल्यावर मशीनवरचं ब्लँकेट घडी करताना ते जरा जास्त वेळ हातात धरायचं. आणि मग पडद्यासमोर बसून ती निळी पट्टी बघायची.

"ही निळी कोण असेल हो, ताई?" तिने एकदा न राहवून विचारलं.

"कोण निळी?"

"याच्या मनातली. उंच असणार. गळा गोड असणार. पियानो वाजवत असेल. हा जुळवतो आणि ती वाजवते..."

"लग्नाची पत्रिकाही छापून टाक," ताई म्हणाल्या. "अगं, तू असशील."

"मी असते तर पिवळं नसतं का आलं? मी समोर, माझा आवाज कानात. मग आनंद दिसायला हवा. ओढ तर जे जवळ नाही त्याची लागते." तिने नाक पुसलं. "मी शास्त्र शिकलेय, ताई. मला नका फसवू."

ताईंनी हात जोडले आणि चहा आणायला गेल्या.

मग ती आजारी पडली. घसा असा बसला की तोंडातून शब्द फुटेना. त्या आठवड्यात माईकवर ताई बसल्या, तिच्याच कागदावरून वाचून सगळं सांगितलं. ती बरी होऊन परत आली आणि पट्टी उघडून बसली, तर काय? अथपासून इतिपर्यंत निळी! आनंदाची जागा निळी, भीतीची जागा निळी. पिवळ्या-लालचा मागमूस नाही.

संपलं, तिला वाटलं. निळीशी भांडण झालं असेल. नाहीतर ती दूर कुठे निघून गेली असेल, आणि हा बिचारा मशीनमध्ये पडल्या पडल्या तिच्यासाठी झुरत असेल. तिला त्याची दया आली, निळीचा राग आला, आणि स्वतःचं काय झालं ते विचारूच नका. बाथरूमचा नळ सोडून ती पोटभर रडली.

मोठ्या डॉक्टरांना रडायला वेळ नव्हता. त्यांनी सगळ्या पट्ट्या टेबलावर पसरल्या आणि चष्मा कपाळावर चढवला. "या माणसाचा आराम बिघडलाय. का?"

"माहीत नाही, सर."

"विचारलंस?"

"आठवणी विचारायच्या नसतात ना..."

"तीन आठवणी विचारायच्या नाहीत! आरामात काय चालतं ते विचारायला कोणी बंदी केलीय? वर्षभर त्याच्या डोक्यात डोकावतेस, आणि त्याला साधा प्रश्न करता येत नाही?" ते वैतागले होते. "आता शेवटचं सत्र राहिलंय. ते झालं की विचार. झोप येते, कंटाळा येतो, असलं काही कारण असेल तर दुरुस्ती करता येईल. भलतंच काही असेल तर डेटा बाद, आणि तुला नवा माणूस शोधून पहिल्यापासून सुरुवात."

तिने मान हलवली. साधा प्रश्न! विचारला की उत्तर येणार, आणि उत्तरात एक नाव असणार. न विचारता निदान आशा तरी होती. वेडी का होईना.

शेवटच्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला. तिने त्याच्या पायांवर ब्लँकेट घातलं. "मी परवा निघतोय," तो वर छताकडे बघत म्हणाला. "मोठा वाद्यवृंद आहे, गावोगाव फिरणार. त्यांना सोबत पियानो जुळवणारा हवाय. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत."

"अरे वा," ती म्हणाली. "छानच." आणि माईकपाशी जाऊन बसली. आता आनंद, ती म्हणाली. आता भीती. आता ओढ. प्रत्येक शब्द अगदी स्पष्ट, एकसारखा, शिकवल्याप्रमाणे. आता आराम, म्हणाली आणि बटण सोडलं, आणि काचेपलीकडचे त्याचे मोजे बघत बसली. ब्लँकेट एका पायावरून सरकलं होतं. उठून नीट करावं असं फार वाटलं, पण मशीन चालू असताना आत जायचं नसतं.

सत्र संपलं. ताई म्हणाल्या, मला खाली जरा काम आहे. त्यांना खाली काहीही काम नव्हतं. ही दोघं काचेच्या खोलीत समोरासमोर बसली, मध्ये एक टेबल. टोपड्याच्या जाळीची नक्षी त्याच्या कपाळावर उमटली होती.

"एक विचारायचं आहे," ती म्हणाली. "कामाचं आहे. आरामाच्या वेळी... तुमच्या मनात काय असायचं?"

तो गडबडला. मग म्हणाला, "कशासाठी विचारताय? म्हणजे... उत्तरावर काही अवलंबून आहे का?"

"आहे. झोप, कंटाळा, असलं काही असेल तर ठीक. नाहीतर तुमचा सगळा डेटा बाद होईल."

"तुमचं वर्ष वाया जाईल?"

"हो. पण तुम्ही खरं तेच सांगा."

"झोप यायची," तो लगेच म्हणाला. "फार झोप यायची."

तिने ऐकून घेतलं. आता उठायचं, थँक्यू म्हणायचं आणि दार उघडून द्यायचं, एवढंच उरलं होतं. वर्ष वाचलं होतं. पण हे उत्तर त्या पट्टीशी जुळत नव्हतं. आणि न जुळणारी गोष्ट तशीच सोडून द्यायची तिला सवयच नव्हती.

"झोपेचा रंग करडाच येतो," ती म्हणाली. "तुमचा निळा येतो. निळा म्हणजे ओढ. आणि मी आजारी होते त्या दिवशी तर सगळंच निळं. तेव्हा काय, जन्माची झोप आली होती?"

"त्या दिवशी..." तो थांबला.

"सांगा ना. कोण आहे ती?" ती टेबलावर पुढे झुकली. "मी महिनोन्महिने बघतेय तिला. नाव ठाऊक नाही म्हणून निळी म्हणते. कोण आहे ही निळी? एकदा कळू दे, म्हणजे मी मोकळी!"

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"त्या दिवशी तुम्ही नव्हतात," तो म्हणाला.

टुकटुक तेवढी ऐकू येत होती.

"आरशात बघितलं तर ताईंचं मनगटी घड्याळ," तो हळूहळू बोलू लागला. "आवाजही ताईंचा. त्या म्हणाल्या आनंद, मी फार प्रयत्न केला, पण येईचना. सारखं वाटे, आज का नाही आल्या? बरं नाही का? पुढच्या वेळी येतील का? काटा टोचल्यासारखं तेच आणि तेच."

"पण... मी असायचे तेव्हाही आरामात..."

"तुम्ही आराम म्हणायचात आणि बटण सोडायचात. टक् असा आवाज यायचा. मग तुमचा आवाज बंद. परत कधी बोलाल म्हणून मशीनचे ठोके मोजत बसायचो. मला कसला आलाय आराम!" त्याने कपाळावरची नक्षी चोळली. "लहानपणी आई दवाखान्यात होती, तेव्हा मी खिडकीत बसून तिची वाट बघायचो. माझी ओढीची आठवण ती आहे. सांगायची नसते, पण सांगतो. कॉम्प्युटरला मी तेच शिकवलं. मग त्याचं काय चुकलं? त्याला तेच दिसलं."

इतके महिने ती ज्या बाईवर जळत होती, तिच्या उंचीचा, गळ्याचा, बोटांचा हेवा करत होती, ती बाई इथे बसून नाक पुसत होती.

"हे सांगू नका सरांना," तो घाईघाईने म्हणाला. "झोप म्हणा. मी तर जातोच आहे. तुमचं काम कशाला बुडवायचं?"

"म्हणजे खोटं सांगू?"

"माझ्यासाठी नको. तुमच्यासाठी."

"बसा इथेच," ती उठली. "जाऊ नका. अगदी हलू नका."

"ते जमतं मला," तो म्हणाला.

सरांचं दार उघडंच होतं. ती आत गेली तेव्हा ते पट्ट्यांवर पेन्सिलीने खुणा करत होते. "विचारलंस? झोप ना?"

"नाही, सर. डेटा बाद करावा लागेल."

पेन्सिल थांबली. "सगळा? अगं, वर्ष गेलं! कारण काय?"

"कारण मी आहे, सर."

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, तिच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, परत तिच्याकडे. मग खुर्चीत मागे रेलून दीर्घ उसासा सोडला. "उद्या नवी जाहिरात लाव," ते म्हणाले. "आणि या वेळी एखादे आजोबा निवड."

ती धावतच परत आली. तो तसाच बसला होता, हात मांडीवर, मशीनमध्ये असल्यासारखा ताठ.

"बाद," ती म्हणाली. "सगळं बाद."

"अरेरे," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडला. "मग आता?"

"आता पहिल्यापासून. नवा माणूस, नव्या आठवणी. करेन मी. एकदा केलंय, परत करेन." ती त्याच्यासमोर बसली, या वेळी टेबल मध्ये न घेता. "पण तुम्ही एकट्याने सांगितलंत. माझं तुम्ही विचारलंच नाहीत."

तो कावराबावरा झाला. "विचारलं तर... चालेल?"

"आता तुमचा डेटाच नाही. कुठलाच नियम नाही."

"मग सांगा," तो म्हणाला. "तुमच्या मनात काय असतं? मी आत पडलेला असताना... बटण सोडल्यावर?"

आणि तिने सांगितलं. बटण सोडताना दर वेळी अंगठा कसा जड व्हायचा, ते सांगितलं. आठवड्याचे सहा दिवस, दोनदा विंचरलेले केस, घडी घालताना हातात राहिलेलं ब्लँकेट, नळ सोडून रडणं, सगळं. सांगताना लाजली, अडखळली, पण काही वगळलं नाही. "तुम्ही मला फार आवडता," ती शेवटी म्हणाली. "परवा तुम्ही जाल. जाऊ नका असं मी म्हणणार नाही, काम आहे तुमचं. पण उन्हाळ्यापर्यंत माझं काय होणार आहे ते मला आत्ताच दिसतंय. उठता-बसता, जेवता-खाता, सगळं निळंच."

त्याने तिचा हात घेतला, तोच, ज्याने ती बटण सोडायची, आणि अंगठा आपल्या मुठीत धरून ठेवला. ताई वर आल्या, दाराशी थबकल्या, आणि आल्या पावली पुन्हा खाली गेल्या.